टेशणे

त्या शहरात कुणी चांगली वस्तू मातीमोल देऊन टाकली, की त्याने ती टेशली असं म्हणतात. नवरा जुनी पिकअप पडत्या भावात विकून घरी आला, की बायको दारातच विचारते, "टेशून आलास ना?" शाळेत एखादा पोरगा डब्यातला केक देऊन गाजराचे तुकडे घेतो आणि बाकीची पोरं 'टेशलं, टेशलं' म्हणत टाळ्या पिटतात. नदी ओलांडून पलीकडच्या राज्यात गेलं की हा शब्द कुणालाच कळत नाही. शहरातल्या तिशीच्या आतल्या लोकांना वाटतं, आपल्या जर्मन पणज्यांनी बोटीतून आणलेल्या शब्दांपैकीच हा एक असावा.

तो शब्द इथल्या पेपरात खेळांवर लिहिणाऱ्या लीलंड प्रूइटचा. चोवीस वर्षांपूर्वीच्या जूनमधल्या एका सोमवारी, मजकूर द्यायला अकरा मिनिटं उरली असताना त्याला तो सुचला. त्या दुपारी पायलट्स या शहराच्या बेसबॉल संघाचा जनरल मॅनेजर ऑरिन टेश याने एनिस मॅब्री हा आपला सगळ्यात चांगला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, दुसऱ्या संघाला देऊन टाकला होता. बदल्यात मिळाले दोन बेताचे खेळाडू आणि एक 'नाव नंतर'. बेसबॉलमध्ये असा सौदा चालतो. आज हातमिळवणी होते आणि एका खेळाडूचं नाव सहा महिन्यांच्या आत कधीतरी कळवलं जातं. लीलंडने पहिलंच वाक्य लिहिलं, "काल दुपारी या शहराने एनिस मॅब्रीला टेशलं." मॅब्रीने पुढे त्या दुसऱ्या संघाला दोनदा अजिंक्यपद मिळवून दिलं. टेशला त्याच वर्षी नारळ मिळाला. शब्द तेवढा राहिला.

दर जानेवारीत लीलंडची यादी येई. पायलट्सचा पहिला हंगाम खेळला गेल्यापासून आजवरचे जनरल मॅनेजर, सर्वोत्तम ते सर्वांत वाईट. माणसं फक्त सात, पण त्या सातांवरून शहरातल्या दारूच्या गुत्त्यांत आणि चर्चच्या सूपभोजनात आठवडाभर हुज्जत चाले. पहिला नेहमी प्रेंटिस कोल. टेशच्या जागी तोच आला होता आणि पाच वर्षांत त्याने अजिंक्यपद आणलं. सातवा नेहमी टेश. मधल्या पाच जणांची जागा कधीमधी बदले.

यादी मनाला येईल तशी केलेली नसे. लीलंडचे पाच रकाने होते. कुणाला दिलं आणि कुणाला घेतलं, नवे कोण हेरले, संघाचा प्रशिक्षक कसा निवडला, वाईट हंगामात डोकं शांत ठेवलं का, आणि पाचवा, जाताना मागे काय ठेवलं. या पाचव्या रकान्याचा त्याला अभिमान होता. तो म्हणे, जनरल मॅनेजरने लावलेल्या झाडाचं फळ बहुधा पुढचाच माणूस खातो, म्हणून बी कुणी पेरलं ते बघावं.

नोव्हेंबरात संपादक डेना ओकर त्याच्या टेबलाशी आली. डेना त्याच्याहून तीस वर्षांनी लहान.

"जानेवारीअखेर तुम्ही सुटताय, म्हणजे ही शेवटची यादी," ती म्हणाली. "रविवारचं पूर्ण पान देते. यंदा जरा सविस्तर होऊ दे."

"पूर्ण पान? मी मेलोय का?"

"मेला असतात तर आणखी सोपं होतं. तुमचंही तुम्ही लिहून ठेवलंच असेल."

तयार मृत्युलेख ही लीलंडची दुसरी ख्याती होती. शहरातल्या एक्केचाळीस जिवंत माणसांचे मृत्युलेख त्याने संगणकात लिहून ठेवले होते. माणूस गेला की वय आणि तारीख घालायची, बस्स. गेल्या फेब्रुवारीत संघाचे मालक बर्जेस लाउटरबाख वारले, तेव्हा सात मिनिटांत लेख वाचकांपुढे होता. बाकीचे पेपरवाले तेव्हा बुटांचे बंद बांधत होते, असं डेना अजून सांगे.

शेवटची यादी म्हणून लीलंडने सगळी जुनी खोकी उघडली. दुसऱ्या दिवशी त्याला एक फॅक्स सापडला.

त्या चोवीस वर्षांपूर्वीच्या सौद्यातला 'नाव नंतर' म्हणजे क्विन्सी लारा. तेव्हा तो पिचरचे चेंडू झेलणारा अठरा वर्षांचा कॅचर होता, कुणाला ठाऊक नसलेला. पुढे त्याच्याच जोरावर कोलने अजिंक्यपद जिंकलं. तीन नोव्हेंबरला कोलने सूत्रं हाती घेतली आणि त्याच दिवशी लाराचं नाव बाहेर आलं. लीलंडने लिहिलं होतं, 'कोलची पहिली चाल, आणि शहाणी.' ते त्याने गृहीतच धरलं होतं. पण हातातला कागद लीगच्या कचेरीचा होता. लाराचं नाव कळवल्याची तारीख एक नोव्हेंबर, सही ऑरिन टेशची. टेशला दोन तारखेला काढलं होतं.

फॅक्स लीलंडच्याच नावे आला होता. उघडून न बघताच त्याने तो खोक्यात टाकला असणार.

त्याने पाचही रकाने पुन्हा मांडले. लारा कोलच्या नावावरून काढून टेशच्या नावावर टाकला, तर टेश सातव्यावरून पाचव्यावर येत होता. लीलंडला बरं वाटलं. चूक सापडली होती, चूक दुरुस्त होणार होती. अशा चुकीची त्याला लाज वाटत नसे. ती कशी झाली ते दाखवता येई.

त्याच आठवड्यात कोरीनचा फोन आला. ती टेशची मुलगी.

"मिस्टर प्रूइट, बाबा माझ्याकडे असतात. फुप्फुसं गेलीत त्यांची. डॉक्टर वसंतापर्यंत म्हणतात. त्यांना तुम्हाला भेटायचंय."

"मी जरूर येईन."

"त्यांना भेटायचंय म्हटलं मी. मला नाही." आणि तिने पत्ता सांगितला.

ऑरिन टेश खिडकीशी आरामखुर्चीत बसला होता. नाकाला नळी, मांडीवर घोंगडी. एके काळी हा सहा फुटी माणूस दारातून वाकून येई. कोरीनने बीनचं सूप आणि मक्याचा पाव आणून ठेवला, फक्त बापापुढे, आणि ती आत गेली.

"बस," टेश म्हणाला. "सूप मागू नकोस, ती देणार नाही."

"तब्येत कशी आहे?"

"तुझ्या यादीसारखी. खालून पहिला."

लीलंडने पिशवीतून फॅक्स काढला. "ऑरिन, मी एक चूक केली होती. लाराचं नाव तू दिलंस. मी ते कोलच्या खात्यावर घातलं. यंदा दुरुस्त करतोय. तू पाचव्यावर येतोस."

टेशने कागद डोळ्यांजवळ धरला, आपली सही बघितली आणि कागद परत दिला.

"लाराला मी पाच वेळा जाऊन पाहिला," तो म्हणाला. "त्याच्या गावी बस जात नव्हती. खेचरावरून जायचं. पाचव्या वेळी खेचर मला बघून पळून गेलं. मॅब्रीच्या बदल्यात काहीतरी नीट मिळवायचं म्हणून सहा महिने मागून घेतले होते मी. त्या सौद्यात माझं एवढंच चाललं." तो दम घ्यायला थांबला. "पाचवा. बरं आहे. आणि दुसरं?"

"दुसरं काय?"

"लीलंड, तारखेची ती चूक होती. दुसरी चूक नव्हती."

लीलंडने फॅक्सची घडी घातली. विचारण्यासारखं काही नव्हतंच. 'टेशलं' छापून आलं त्याच्या दोन दिवसांनी स्टेडियमच्या भोजनखोलीत लाउटरबाख त्याच्या टेबलावर येऊन बसले होते. हातात व्हॅनिला आइस्क्रीमचा कागदी पेला. ते खुशीत होते. "मार्चमध्ये सरावाला फ्लोरिडात होतो, तेव्हा मी सगळ्या संघाला घरी जेवायला बोलावलं होतं," ते म्हणाले. "मॅब्री आला नाही. मासे धरायला गेला. माझ्या बायकोने त्याची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी ठेवली होती. ऑरिन दोन महिने माझ्या पाया पडत होता, म्हणे असा पिचर पुन्हा मिळणार नाही. मी सांगितलं, शुक्रवारपर्यंत हा माणूस मला संघात दिसता कामा नये." मग चमचा चाटून म्हणाले, "हे आपल्यातलं हं, लीलंड. छापायचं नाही."

लीलंडने शब्द दिला. त्या दिवसापासून तेवीस वर्षं लाउटरबाखनी त्याचा फोन कधी चुकवला नाही. कोण येणार, कोण जाणार, ते लीलंडला इतरांच्या तासभर आधी कळे. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली जात होती, दर जानेवारीत, आणि सुळी देणारा तोच होता. आपण शब्द पाळतो आहोत, असं तो स्वतःला सांगे.

"तुला कसं कळलं?" त्याने आता विचारलं.

"काढलं त्या दिवशी बर्जेसनेच सांगितलं. 'लीलंडलाही सगळं ठाऊक आहे, पण तो लिहिणार नाही. भला माणूस आहे.'" टेश हसला आणि त्या हसण्याने त्याला खोकला आला. आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं आणि खोकला थांबल्यावर पुन्हा सुरू झालं.

"तू स्वतः का नाही बोललास?"

"मालकाकडे बोट दाखवणाऱ्या जनरल मॅनेजरला पुन्हा कोण ठेवतं? त्यानंतर पंधरा वर्षं मी दुसऱ्यांसाठी पोरं हेरत फिरलो. तोंड उघडलं असतं तर तेही मिळालं नसतं. आणि नंतर बोलून काय? लोक म्हणाले असते, टेश आता खापर पण टेशतोय."

"तुझ्या घरात हा शब्द चालतो?"

"माझी नात परवा बोलली. नऊ वर्षांची आहे. मैत्रिणीला बाहुली देऊन बसली होती. आडनाव बापाचं लावते, तिला काय माहीत." टेशने सूप बाजूला सारलं. "बर्जेस जाऊन दहा महिने झाले. मेलेल्याला दिलेला शब्द किती दिवस पाळायचा, हे तुझं तू ठरव. मी चोवीस वर्षं तुला वाचतोय. शुद्धलेखन चांगलं आहे तुझं. मला एवढंच हवंय की मी वाचू शकेन तेव्हा छापून यावं. नंतरचं नको."

दारात कोरीनने लीलंडचा कोट त्याच्या हातात दिला. "कबूल केलंत का काही?"

"नाही."

"तेही त्यांना माहीत होतं," ती म्हणाली.

लीलंडने तो लेख चार वेळा लिहिला. पहिल्या खेपेला त्याने फक्त तारखेची चूक लिहिली. वाचायला छान झालं. एक म्हातारा पत्रकार, एक धुळकट खोकं, एक पिवळा कागद. त्याने ते पुसलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेत लाउटरबाख आले, पण 'जाणकारांच्या मते' म्हणून आले. चौथ्यात त्याने सरळ लिहिलं की मॅब्रीला घालवण्याचा हुकूम मालकाचा होता, टेशने दोन महिने विरोध केला होता, हे मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं आणि तरी मी चोवीस वर्षं त्याला सातव्या जागेवर ठेवलं. का ठेवलं तेही लिहिलं. टेबलावरच्या फोनसाठी, असे शब्द वापरले.

मग रकाने पुन्हा मांडले. मॅब्रीचा सौदा मालकाच्या नावे टाकला की टेश तिसरा येत होता. बेरीज दोनदा केली, तिसरा. लीलंड त्या आकड्याकडे बघत राहिला. सातवरून एकदम तीनवर चढवलं, तर लोक म्हणतील म्हातारा मरणाऱ्याला हार घालतोय. बाकीच्या लेखावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. त्याने टेशला चौथा लिहिला.

डेनाने लेख उभ्यानेच वाचला. वाचून झाल्यावर ती बसली.

"लाउटरबाखचा मुलगा आता मालक आहे," ती म्हणाली. "आपल्या पोरांना तिथे काम करायचंय, लीलंड. तुम्ही तर जाताय."

"छापणार नाहीस?"

"छापणार. मला फक्त म्हणून घ्यायचं होतं. हे तुम्ही मी शाळेत असताना लिहिलं असतं, तर आज मला छाती धडधडत छापावं लागलं नसतं."

यादी जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी आली. संध्याकाळपर्यंत पेपरच्या संकेतस्थळावर वाचकांची सहाशे पत्रं जमली. त्यांतली चारशे प्रेंटिस कोलला पहिल्यावरून हलवता येणार नाही, एवढंच बजावणारी होती. लीलंडने त्याला हलवलं नव्हतंच. काहींनी लीलंडला खोटारडा म्हटलं. ते त्याने जपून ठेवलं. एका वाचकाने लिहिलं, 'प्रूइटने निवृत्तीच्या तोंडावर स्वतःची अख्खी अब्रू टेशली.' खाली नव्वद लोकांनी हसून दाद दिली होती.

सोमवारी टेशचा फोन आला. आवाज इतका बारीक की लीलंडने टेबलावरचा रेडिओ बंद केला.

"वाचलं."

"हं."

"चौथा?"

लीलंडने टेबलावरचं रविवारचं पान उलटं घातलं.

"तुझे पाच रकाने मला पाठ आहेत, लीलंड. काल कोरीनला कागद-पेन घेऊन बसवलं. तीन येतं."

"तीन येतं," लीलंड म्हणाला. "मला वाटलं, लोकांना पचणार नाही."

पलीकडे नळीतल्या हवेचा आवाज आला. "बर्जेस पण असंच म्हणायचा," टेश म्हणाला. "लोकांना पचणार नाही." आणि फोन ठेवला.

लीलंड एकतीस जानेवारीला सुटला. कचेरीत केक कापला गेला, डेनाने त्याच्या जुन्या टंकलेखन यंत्राची प्रतिकृती दिली. मार्चमध्ये तो फ्लोरिडाला गेला. यंदा पहिल्यांदाच कामाशिवाय, सरावाचे सामने बघायला. एका सकाळी तो मोटेलच्या न्याहारीच्या खोलीत पॅनकेकवर पाक ओतत होता, तेव्हा डेनाचा फोन आला.

"टेश गेले," ती म्हणाली. "पहाटे. मुलीने आठला कळवलं, आठ वाजून सहा मिनिटांनी आपला लेख चढला. तुम्ही नसतानाही तुम्हीच पहिले, लीलंड."

"कुठला लेख?"

"तुमचा. तयार होता ना."

त्याच्या हातातून पाक ताटाबाहेर सांडू लागला. एकोणीस वर्षांपूर्वी टेशच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली होती, तेव्हा त्याने तो लिहून ठेवला होता. दर जानेवारीत तो सगळे एक्केचाळीस लेख उघडून ताजे करी. या जानेवारीत यादीच्या गडबडीत त्याने ते उघडले नव्हते. ड्यूटीवरच्या उपसंपादकाने शिकवल्याप्रमाणे वय घातलं, तारीख घातली आणि लेख सोडला.

पहिलं वाक्य लीलंडला तोंडपाठ होतं. ऑरिन टेश, ज्याने एक पिचर मातीमोल घालवला आणि ज्याच्या नावाचं या शहराने क्रियापद केलं, तो आज वारला. ते त्याचं आवडतं वाक्य होतं. मृत्युलेख कसा सुरू करावा हे नव्या लोकांना शिकवताना तो हेच वाक्य दाखवी.

"काढ ते," तो म्हणाला. "आत्ता."

डेनाच्या बाजूने कळ दाबल्याचा आवाज आला. तिने ते वाचलं असावं, नव्याने. मग म्हणाली, "काढते. पण केव्हाच चढलंय. तीन राज्यांतल्या पेपरांनी उचललंय. तुमचं नाव आहे वर."

लीलंडने कोरीनला फोन लावला. ती उचलणार नाही असं त्याला वाटलं, पण तिने पहिल्याच घंटेला उचलला.

"कोरीन, मी प्रूइट. तो लेख जुना आहे. फार जुना. बदलायचा राहिला. माझी चूक—"

"बाबांनी सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली. तिचा आवाज रडलेला नव्हता, दमलेला होता. "म्हणाले, त्याच्याकडे एक तयार असणार आणि तो त्याला आठवणार नाही. पहिलं वाक्य सोडून वाच."

लीलंडच्या मागे कुणीतरी वॉफलचं यंत्र उघडलं. ते शिट्टी देऊ लागलं.

"मी सोडून वाचलं," कोरीन म्हणाली. "दुसऱ्या वाक्यात त्यांचं जन्मगाव एल्कटन लिहिलंय. एल्कटनला फक्त त्यांची शाळा होती. जन्म तिथला नाही."

लीलंडने शर्टाच्या खिशातलं पेन काढलं आणि कागदी रुमाल पुढे ओढला.

"सांगा," तो म्हणाला.

"ऑडली," कोरीन म्हणाली, आणि पेपरातल्या माणसाला सांगावं तसं एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.